एकशे बासष्टावं दार

आबांचा हात कापायला लागला नसता, तर ही गोष्ट आणखी साठ वर्षं कुणाच्या लक्षात आली नसती.

हात कापत होता म्हणून यंदा मोजणीची वही स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचं काम धाकट्या सुनेकडे आलं. घरात सगळ्यांत चांगलं अक्षर तिचं, असं आबा म्हणाले. आत्याचं म्हणणं असं, की घरात अक्षर असलेली ती एकटीच आहे, बाकीचे सगळे कागदावर मुंग्या सोडतात. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी, आणि तिच्या बोलण्यावर घरात अजून कुणाला उत्तर सापडलेलं नव्हतं.

सुनेला लग्न होऊन अडीच वर्षं झाली होती. ती खिंडीपलीकडची, सपाटीवरची, जिथे सूर्य सात वाजता उगवला की सातलाच दिसतो अशा ठिकाणची. इथे तो डोंगर चढून यायला साडेनऊ वाजवतो. गाव म्हणजे दोन डोंगरांच्या मध्ये ठेवलेली परातच. मधून ओढा, ओढ्यावर एक पूल, खाली जायला तेरा वळणांचा एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावर खिंड. खिंडीत बर्फ साचलं की फाटक पडतं आणि चार महिने गाव जगातून वजा होतं. नवीला, म्हणजे या सुनेला, सगळे अजून 'नवी'च म्हणत. प्रेमानं म्हणत, पण म्हणत.

ती खिडकीशी बसून लिहीत होती. वही टपालाच्या फेरीच्या क्रमानं लावलेली होती, कारण मोजणीचं काम पहिल्यापासून या घराकडे, आणि हे घर पहिल्यापासून टपालवाल्यांचं. आधी आबांचे वडील, मग आबा, आता तिचा नवरा. बासष्ट वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात पीठ आणि सरपण मधेच संपलं आणि गावानं फार वाईट दिवस काढले. तेव्हा पालिकेनं ठरवलं, की खिंड बंद व्हायच्या आधी गावात नेमकी किती तोंडं आहेत ते मोजायचं आणि तेवढंच धान्य, तेवढंच सरपण वर आणून कोठारात भरायचं. मोजणार कोण, तर ज्याला प्रत्येक दार माहीत आहे तो. नियम सोपा होता. फाटक पडताना जो खिंडीच्या अलीकडे आहे आणि हिवाळाभर राहणार आहे, तो मोजायचा. पाळण्यातला धरायचा, पाहुणा धरायचा नाही.

पहिलं दार पुलाजवळच्या लोहाराचं, शेवटचं, एकशे एकसष्टावं, खाणीच्या रांगेतलं. पहिल्या वर्षीच्या वहीत दोन हजार तीनशे बारा माणसं होती. तेव्हा पाटीच्या दगडाची खाण चालू होती, आणि दूरदूरच्या शाळांत मुलं ज्या पाट्यांवर गिरवत होती त्या इथल्या डोंगरातून निघत होत्या. मग पाट्या गेल्या, खाण गेली, आणि खाणीमागून माणसं. जुन्या वह्या चाळल्या की ते सगळं एका शब्दात दिसायचं. दाराच्या नंबरापुढे आबा माणसं गेल्यावर 'कुलूप' लिहीत. आधी पानाला एखादं, मग तीन, मग सात. नंबर मात्र त्यांनी कधी काढून टाकला नाही. कुलूप उघडलं तर त्या दाराला त्याची जागा हवी, एवढंच ते म्हणत.

यंदाची बेरीज चारशे चौऱ्याण्णव आली होती.

आणि तिथेच घोडं अडलं होतं. खालच्या कार्यालयातून उन्हाळ्यात पत्र आलं होतं, की पाचशेच्या खाली वस्ती गेली तर दवाखाना बंद करून खालच्या शहराला जोडला जाईल. दवाखाना म्हणजे दोन खाटा, एक ऑक्सिजनचं नळकांडं आणि एक परिचारिका, पण चार महिन्यांच्या बर्फात तेवढ्यावरच गावाचा जीव होता. ती परिचारिका आबांची मुलगी. आबांच्या छातीत दर हिवाळ्यात दोनतीनदा दुखे तेव्हा धावणारीही तीच. उद्या दुपारी दोनची गाडी ही शेवटची. ती पार झाली की फाटक पडणार आणि संध्याकाळी पालिका आबांच्या वहीतला आकडा फोनवरून खाली कळवणार. बासष्ट वर्षांत त्या आकड्यावर कुणी शंका घेतलेली नव्हती.

नवी एकशे एकसष्टाव्या दारापर्यंत आली. मग तिनं पान उलटलं, परत उलटलं. खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं तिला ही वही एकदा हातात घ्यायची होती. आपण कुठल्या ओळीत आहोत ते तिला बघायचं होतं. आपण या गावच्या झालो की नाही, हे कुणाला विचारायचं, आणि विचारलं तर लोक हसतील, म्हणून तिनं कधी विचारलं नाही. आज वही आपणहून हातात आली होती आणि तिच्यात तिचं नाव नव्हतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अडीच वर्षं, आणि अजून पाहुणी.

मग तिनं डोळे पुसले आणि नवऱ्याचं नाव शोधलं.

*

स्वयंपाकघरात तोवर वाद चांगलाच पेटला होता. ताई, आबांची परिचारिका मुलगी, चुलीशेजारी उभी राहून बाटल्या उकळत होती आणि गप्प होती. आपली नोकरी पणाला लागली आहे त्या विषयावर आपण काय तोंड उघडणार, असं तिला वाटत होतं. मी बोलले तर स्वतःसाठी बोलले असं होईल, आणि आपण आबांसाठी बोलतोय की स्वतःसाठी, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

दादा, थोरला, तीन दिवसांपूर्वी खालून आला होता. तो याच रस्त्यावर बस चालवतो आणि बायकोमुलांसह खालच्या शहरात राहतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. दवाखाना गेला तर ताईची बदली खाली होईल, मग आबांनी आणि आत्यानं इथे कुणाच्या भरवशावर राहायचं? दोघांनी खाली यावं. त्यानं खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. आत्यानं रंग कुठला ते विचारलं. पिवळा म्हटल्यावर ती म्हणाली, मग नको, मी त्यात दिसणारच नाही.

धाकटा, नवीचा नवरा, मात्र आकड्याच्या मागे लागला होता. मास्तरांची मुलगी खाली शिकते, ती धरू. गवंड्याचे दोन मुलगे परवा गेले, ते आधीच्या आठवड्यात होतेच की. सहाच तर माणसं हवीत. एरवी दादाशी त्याचं पटायचं नाही आणि ताईशी फार पटायचं, पण आज ताईसुद्धा त्याच्या बाजूला वळेना. तिला वडील माहीत होते.

"नसलेलं माणूस लिहायचं नाही," आबा म्हणाले. "मी एकदा खोटं लिहिलं की मागच्या सगळ्या वह्या खोट्या. लांबलेल्या हिवाळ्यात गाव तरलं ते कशावर? मोजणी चोख होती म्हणून."

हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. अडतीस वर्षांपूर्वी फाटक नेहमीपेक्षा सात आठवडे उशिरा उघडलं होतं, आणि तरीही गावात कुणी उपाशी मेलं नव्हतं. आबांची ती दुसरीच मोजणी. त्या एका हिवाळ्याच्या जोरावर ते पुढे आयुष्यभर ताठ मानेनं चालले, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

एवढ्यात नवी वही छातीशी धरून दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता.

"आबा, आपल्या घराचा नंबर कितवा?"

"आपला?" आबांनी डोळे मिटले. नंबर विचारला की ते फेरी सुरू करत, त्यांना दुसरी रीत माहीत नव्हती. बोटं मांडीवर चालू लागली. लोहार, पूल, खालची गल्ली, पाणचक्कीचा बोळ, शाळा, वरची गल्ली, खाणीची रांग. "एकशे साठ, एकशे एकसष्ट. आणि मग मी घरी येतो."

बोटं थांबली. ताईनं बाटलीचा चिमटा खाली ठेवला.

"घरी येतो," आबा पुन्हा म्हणाले, या वेळी स्वतःशी.

आपलं टपाल टपालवाला कचेरीतच खिशात टाकतो. स्वतःच्या दारावर थाप मारून स्वतःला पत्र देणारा टपालवाला कुठे असतो? फेरी या घरातून निघत होती आणि या घरात संपत होती, म्हणून हे घर फेरीत नव्हतं. आबांच्या वडिलांनी फेरीवरून वही बनवली, आबांनी वडिलांवरून उतरवली, आणि बासष्ट वर्षं गावातलं प्रत्येक कुलूपसुद्धा मोजलं गेलं, फक्त मोजणाऱ्यांचं घर सोडून.

धाकट्यानं टेबलावर हात आपटला. आबा, आत्या, ताई, तो आणि नवी. पाच. चारशे नव्व्याण्णव. मग त्यानं हात मागे घेतला.

"एकानं हुकलं," आत्या म्हणाली.

नवीच्या मनात मात्र त्या क्षणी आकडा नव्हताच. आपण एकटे सुटलो नाही, सगळ्यांबरोबर सुटलो, याचं तिला इतकं बरं वाटलं, की हसू आवरायला तिनं तोंड फिरवलं.

आबांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांचं तोंड उतरलं होतं. "धान्य वहीप्रमाणे येतं," ते हळूहळू म्हणाले. "वहीत आपण नाही. मग इतकी वर्षं आपण खाल्लं काय?"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं, कारण कोठारातून पीठ आणायला पूर्वीपासून तीच जायची. आत्यानं पदर सारखा केला.

"मला काय विचारतोस? पायात जोडे घाल आणि कोठारात जाऊन विचार. मी सांगितलं असतं तर तुझ्या वयाच्या तिसाव्या वर्षीच सांगितलं असतं."

*

कोठार पुलापलीकडे, खाणीच्या जुन्या कचेरीत होतं. भिंती हातभर जाड, आत कायम पिठाचा आणि कोरड्या लाकडाचा वास. कोठारवाली पोती मोजत होती. तिच्या आधी तिचे वडील हे काम करत. ती आबांपेक्षा आठदहा वर्षांनी लहान, त्यांच्या हातून तिनं लग्नाची बोलावणी घेतली होती आणि मुलाच्या नोकरीचं पत्रही.

आबांनी काय विचारायचं ते वाटेत चारदा घोकलं होतं. आत आल्यावर सगळं विसरून त्यांनी नुसतं विचारलं, की आमच्या घरचं पीठ कुठून येतं.

कोठारवालीनं हातातली दोरी खाली ठेवली. तिनं भिंतीकडे मान वळवली. तिथे खिळ्यांवर पत्र्याची मापं ओळीनं टांगलेली होती, मोठं, मधलं, लहान. त्यांच्यापासून हातभर लांब, वेगळ्या खिळ्यावर, एक चेपलेलं छोटं माप. आबांनी ते लहानपणापासून बघितलं होतं. फुटकं असेल, म्हणून बाजूला टाकलं असेल, असं त्यांना वाटायचं.

"ते टपालमाप," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, आणि ती सांगत असताना आबा एका पोत्यावर बसले. पहिल्याच हिवाळ्याच्या शेवटी तिच्या वडिलांच्या लक्षात आलं, की सगळ्यांना बरोबर देऊनही एका घराचं कमी पडलंय. शोधल्यावर घर कुठलं ते कळलं. चार जाणती माणसं इथेच, या दारात बसली. वहीत चूक आहे असं टपालवाल्याला सांगायचं का? तो गुडघाभर बर्फातून दारोदार हिंडतो, प्रत्येक घराला विचारतो, तान्ह्या पोरालाही ओळीत जागा देतो. आणि माणूस असा मानी, की चूक कळली तर वही खाली ठेवेल. मग त्यांनी ठरवलं, की प्रत्येक घराच्या पोत्यातून हे एक छोटं माप काढायचं आणि टपालवाल्याचं पोतं भरायचं. नवीन घर आलं, नवीन सून आली, की तिला कोठारात पहिल्या दिवशी सांगायचं. टपालवाल्याच्या घरातल्यांना तेवढं सांगायचं नाही.

"सगळ्यांना माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"लांबलेल्या हिवाळ्यात?"

"तेव्हा मी बाबांच्या हाताखाली काम शिकत होते. बाबांनी सगळ्यांना निम्म्यावर आणलं होतं. तुमच्या घरालाही निम्मं. पण ते निम्मंसुद्धा याच मापानं निघालं, आबा. बाबांनी विचारलं होतं, या वर्षी थांबवू का? एकही घर हो म्हणालं नाही."

आबांना त्या हिवाळ्यातली आपली मुलं आठवली. सहा वर्षांचा थोरला, चार वर्षांची ताई, आणि मोजणी चोख आहे म्हणून आपलं भागतंय, असं बायकोला सांगणारे छत्तिशीतले आपण. त्यांना लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी आतून वर आलं. कोठारवालीनं त्यांना पाणी आणून दिलं. त्यांनी ते माप खाली काढून मागितलं आणि हातात घेऊन बराच वेळ बसले. ते त्यांच्या मुठीत मावत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन डोंगरावरून उतरताच आबा जुना टपालाचा कोट घालून बाहेर पडले. मोजणी झालेली होती, तरी त्यांना पुन्हा सगळी दारं करायची होती. ताईनं छातीचं कारण काढलं, धाकट्यानं बर्फाचं, पण त्यांच्यापुढे दोघांनी हात टेकले. शेवटी दादा त्यांचा दंड धरून निघाला आणि मागून नवी वही घेऊन.

दादाच्या मनात दुपारच्या गाडीची वेळ होती. आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्यानं कुणाला सांगितली नव्हती. आकडा कमी भरावा अशी तो मनातून वाटच बघत होता. दवाखाना गेला की म्हातारा आपोआप खाली येईल, भांडायला नको. बापाच्या काळजीनंच तो असं चिंतत होता, पण चिंतत होता.

लोहारानं दार उघडलं. आबांनी टोपी काढली आणि वाटेत ठरवलेलं वाक्य म्हटलं.

"बासष्ट वर्षं आमचं पोट तुम्ही भरलंत आणि मला कळू दिलं नाहीत. कळलं म्हणून सांगायला आलो."

लोहार दादाच्या वर्गातला, दोघं एकाच बाकावर बसायचे. तो आधी गडबडला, कसलं काय आबा, म्हणाला, चहा ठेवायला आत वळला, मग परत आला. दादानं त्याला विचारलं, लांबलेल्या हिवाळ्यातसुद्धा का रे?

"मग? त्या वर्षी चार घास कमी पडले म्हणून तर माझी उंची ही एवढीच राहिली," लोहार म्हणाला आणि दादाच्या खांद्याला लागणारं आपलं डोकं हातानं दाखवलं. "तू बघ कसा ताडासारखा वाढलास."

दोघं खूप हसले. पुढच्या दारापर्यंत दादा हसतच होता, आणि मग एकदम त्याला हसू येईनासं झालं.

अशी दारंच्या दारं झाली. प्रत्येक ठिकाणी आबा टोपी काढत आणि तेच वाक्य म्हणत, आणि ते कुठेही शिळं वाटलं नाही. माणसं कानांवर हात ठेवत. कुणी म्हणे आम्हाला काही माहीतच नाही, कुणी म्हणे कोठारवालीचं तोंड फार सुटलंय. पाणचक्कीच्या बोळातल्या एका म्हातारीनं उलट त्यांनाच झापलं, की माझा मुलगा परदेशात आजारी होता तेव्हा तू रोज दाराशी थांबून 'आज पत्र नाही' एवढं सांगायला यायचास, ते मी कुठल्या मापानं फेडू? कुलूप असलेल्या दारांपुढेही आबा क्षणभर थांबले आणि टोपी काढली. तिथल्यांनीही दिलं होतं.

वरच्या गल्लीच्या चढावर ते दम खायला टेकले. खाली सगळं गाव दिसत होतं, दगडी पाट्यांची छपरं, निम्म्यांतून धूर, निम्मी थंड.

"सुदैवी माणूस रे मी," आबा म्हणाले. "यांच्यातल्या एकाचंही मी काही लागत नव्हतो."

दादानं वडिलांचा दंड जरा घट्ट धरला. या माणसाला पिवळ्या खोलीत नेऊन ठेवायचं म्हणजे कुठून उचलायचं, हे त्याला पहिल्यांदा कळत होतं.

खाणीची रांग संपेपर्यंत दीड वाजला. पुलापाशी दादानं बापाच्या पायांना हात लावला, नवीला वही नीट धर म्हणाला, आणि गाडी गाठायला खालच्या गल्लीनं झपाझप निघून गेला. आकडा चारशे नव्व्याण्णव होता आणि ते तोच लिहिणार होते. कालपासून धाकट्यानं एकदोनदा त्यांच्याकडे आशेनं बघितलं होतं, त्यांनी मान हलवली होती. ज्यांनी एवढं दिलं त्यांना खोटा आकडा द्यायचा नाही, एवढंच ते म्हणाले होते.

*

ते दोघं चढ चढून येईस्तोवर खालून गाडीचा भोंगा ऐकू आला. आबा थांबले. गाडी पहिलं वळण घेऊन गेली, दुसरं घेऊन गेली, तिसऱ्या वळणावर एकदा तिच्या काचा चमकल्या आणि ती दिसेनाशी झाली. नवीनं बघितलं, त्यांनी टोपी अजून डोक्यावर ठेवली नव्हती. तिला त्यांची फार माया आली. दवाखान्याचं काय होईल, ताई कुठे जातील, या घरात पुढच्या हिवाळ्यात कोण असेल, हे तिला काही सांगता येत नव्हतं. पण आजची फेरी आपण चुकवली नाही, याबद्दल ती मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानत होती.

घराशी आल्यावर ती सवयीनं कडीकडे गेली. आबांनी तिला हातानं थांबवलं. कोट सारखा केला, पायरीच्या खाली, परक्या माणसानं उभं राहावं तिथे उभे राहिले, आणि स्वतःच्या दारावर टपालवाल्याच्या तीन थापा मारल्या. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदाच. आतून आत्याचा आवाज आला, की कुणीतरी उघडा, म्हातारा खुळावलाय.

दार दादानं उघडलं.

त्याच्या जोड्यांना ओढ्याकडच्या वाटेचा चिखल होता, म्हणजे तो मागच्या दारानं आला होता. त्याची बॅग मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेली होती. नवीनं काही विचारायच्या आत, आबांकडे न बघता, तो तिलाच सांगितल्यासारखा भराभर बोलला. गाडी जोडीचा चालक घेऊन गेला. हिवाळ्यात डेपोत बसून इंजिनंच तर पुसायची असतात, आपली चार महिन्यांची रजा साठलेली आहे. बायकोला फोन केला होता. ती आधी रागावली, मग टपालमापाचं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, राहा, तुझ्या घोरण्याशिवाय मुलांचा अभ्यास तरी होईल.

आबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांचा चेहरा कामाचा होता.

"घरात माणसं किती?"

"दाराबाहेर उभी आहेत ती दोन धरून," दादा म्हणाला, "सहा."

"नीट सांगा. पाहुणा धरत नाही आम्ही. फाटक उघडेपर्यंत राहणारी."

"सहा, आबा."

आबांनी नवीकडे वळून मान हलवली, लिही म्हणून, आणि मग त्यांना पायरीवर बसावंच लागलं. ताई आतून धावत आली, नाडी बघायला त्यांचं मनगट धरलं आणि नाडी न मोजता तशीच धरून बसली. धाकटा मागून काहीतरी ओरडत होता. आत्या म्हणाली, आता हा चार महिने इथे जेवणार, टपालमाप मोठं करायला सांगा.

नवीनं वही भिंतीला टेकवली. दार एकशे बासष्ट. आबा, मग आत्या, मग दादा, ताई, आपला नवरा. सहाव्या ओळीत तिनं स्वतःचं नाव लिहिलं, सगळ्यांत चांगल्या अक्षरात, आणि शाई वाळेपर्यंत वही मिटली नाही.